आधी डॉली, मग हुक

१४ ऑक्टोबर, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासले, तरी जेवताना बोटांना ग्रीसचा वास येतच होता. नडीनने बायकोचा हक्क बजावून सांगितलं की कपडे मागच्या दारातच काढायचे. म्हणजे चोपन्नाव्या वर्षी, आमच्या बर्ली गावच्या या थंडीत, मी माझ्याच घराबाहेर बनियनवर उभा.

आजवर मी दुधाचा टँकर चालवला. गोठ्यावरून दूध घ्यायचं, डेअरीत ओतायचं, टँकर धुवायचा. आतून असा लख्ख की त्यात दाढी करावी. मग डेअरीने कंत्राट दुसऱ्याला दिलं आणि आमच्या गाड्या विकल्या. माझ्याकडे उरली ती दुधाचा नमुना घ्यायची स्टीलची बरणी, फिरकीच्या झाकणाची. पाणी मी तिच्यातूनच पितो. माझ्याशिवाय कुणाचाही ओठ तिला लागलेला नाही.

इथे मालाची वाहतूक. खोकी, पिंपं, टायर, काय वाटेल ते. रॉय्स म्हणून इथला मॅनेजर आहे, त्याने पहिल्याच दिवशी सगळं स्पष्ट सांगितलं. एका घोड्यामागे (म्हणजे पुढच्या इंजिनामागे) दोन-दोन, तीन-तीन छोटे ट्रेलर जोडून न्यायचे, त्याची परवान्यावर वेगळी नोंद लागते. लेखी परीक्षा सरकारची, यार्डातली परीक्षा कंपनीची. नोव्हेंबरअखेर फेऱ्यांची बोली असते. जो जुना तो आधी जागा निवडतो, नवा शेवटी. तोवर दोन्ही परीक्षा झाल्या तर मला युटा राज्याच्या हद्दीपर्यंतची फेरी मिळेल: सकाळी निघायचं, वाटेत सॉल्ट लेकहून आलेल्या ड्रायव्हरशी ट्रेलरांची अदलाबदल करायची, दिवेलागणीला घरी. नाही झाल्या तर लांबपल्ला. तीन-तीन आठवडे बाहेर, झोप केबिनमध्ये, आणि बाकी सगळं ट्रकथांब्यावर.

ट्रकथांब्यावरचा संडास मी एकदा पाहिलेला आहे. पुन्हा पाहणार नाही असं तेव्हाच ठरवलं होतं. लोक मुलाबाळांसाठी परीक्षा देतात, मी माझ्या न्हाणीघरासाठी देतोय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

शिकवणारा माणूस भेटला. डेल्मर गुच. साठीचा, छातीपर्यंत दाढी, आणि ती दाढी ओली. कायम ओली. बोलतो ते अर्धं घशात आणि अर्धं दाढीत. केबिनमध्ये कप ठेवायच्या जागी प्लॅस्टिकची बाटली आणि त्यात तो दर दोन मिनिटांनी थुंकतो. लपवून नाही, काही नाही. मी शेजारी बसलेला.

तंबाखू खाणारे मी पाहिलेत. त्यांच्या बाटलीत निदान तपकिरी तरी असतं. याचं पांढरट, फेसाळ. कुठली तंबाखू खातो कोण जाणे, आणि डबीही कुठे लपवतो कळत नाही.

वाईट बातमी पुढेच आहे. यार्डातल्या परीक्षेवर सही याचीच लागते.

२० ऑक्टोबर, रविवार

साखर कारखान्याचा बीटाचा हंगाम सुरू झालाय. गावभर कुजक्या बीटाचा वास. खिडक्या बंद करून दिवसभर पुस्तक वाचलं. नडीन समोर बटाटे सोलत प्रश्न विचारत होती.

सोपं आहे सगळं. जड ट्रेलर पुढे, हलका मागे. उलटं केलं तर नाकापेक्षा मोती जड, आणि वळणावर शेपूट चाबकासारखं फिरून आडवं होतं. ब्रेकच्या हवेच्या झडपा सगळ्या उघड्या, फक्त सर्वांत मागच्या ट्रेलरच्या पाठीवरच्या बंद. दोन ट्रेलरांच्या मध्ये डॉली असते, म्हणजे एका आसाची छोटी गाडी. तिच्या पाठीवर मागचा ट्रेलर बसतो आणि तिचा लांब दांडा पुढच्या ट्रेलरच्या हुकात अडकतो.

एक प्रश्न तर हसण्यासारखा होता. डॉली मागच्या ट्रेलरखाली असतानाच हुक उघडला तर काय होईल? उत्तर: दांडा उसळून वर येईल, माणसाला इजा होईल. आधी डॉली ट्रेलरखालून बाहेर काढायची, मग हुक. कोण मूर्ख हे उलटं करेल, असं मी नडीनला म्हटलं. ती म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय म्हणजे कुणीतरी केलं असेल." नडीनला प्रत्येक गोष्टीत कुणीतरी दिसतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शेरीफच्या कचेरीत लेखी परीक्षा दिली. माझ्या आधी परीक्षेच्या संगणकाच्या पडद्याला किती जणांनी बोटं लावली असतील या विचाराने आधी तो रुमालाने पुसला. काउंटरवरची बाई बघत राहिली. बघू दे.

एकही उत्तर चुकलं नाही. दांड्याचा प्रश्न आलाच होता.

यार्डात सांगितलं तर होलिस म्हणाला, "वा दूधवाल्या, आता कागदावर ट्रेलर जोड आणि कागदावरच युटाला जा." होलिस इथला जुना ड्रायव्हर. त्याचा घोडा नवा कोरा आहे, आतून तर दवाखान्यासारखा. इथे एक घोडा दोघांत असतो, एकाला दिवसा, एकाला रात्री. बोलीत होलिसबरोबर घोडा वाटून घ्यायला मिळाला तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावेन.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

ग्रीस. ग्रीस. ग्रीस.

डॉलीचं कुलूप सोडायची मूठ ट्रेलरच्या पोटाखाली, पार आत. वाकायचं, खांद्यापर्यंत हात घालायचा आणि चाचपडत ती ओढायची. हात बाहेर येतो तो जणू गटारातून काढलेला. मी हातमोज्यांवर हातमोजे घातले तर डेल्मरने वरचे काढायला लावले. म्हणे मूठ हाताला कळली पाहिजे. मला ती कळायला नको आहे.

आणि हा माणूस तोंडाने बोलत नाही. हातोडी घेऊन ट्रेलरच्या पत्र्यावर ठोकतो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढे. मी काही बैल नाही. सरळ हाक मारायला काय होतं? शिवाय मी दांड्याजवळ जरा उभा राहिलो की येऊन बाही धरून बाजूला ओढतो. त्याच ओल्या हाताने. आज चार वेळा. धुवायला टाकलेल्या शर्टाची बाही नडीनने स्वतंत्र भिजवली.

मला वाटतं, त्याला मी नापास व्हायला हवा आहे. जुन्यांना नवे नकोच असतात.

४ नोव्हेंबर, सोमवार

तीन ट्रेलर जोडून पहिल्यांदा हमरस्त्यावर. वारा आडवा. मागचा रिकामा ट्रेलर आरशात असा डुलत होता की मी तिकडे बघणंच सोडलं. पण ते सहन झालं असतं.

सहन झालं नाही ते जेवण. मी माझं सँडविच काढलं, याने थर्मास काढला. कोमट, गाळलेलं सूप, आणि ते नळीने प्यायचं. रोज तेच. एका कडेने ओढतो, दुसऱ्या कडेने गळतं. मग रुमाल, मग बाटली. साठीचा माणूस, घास चावून खायला काय झालं? मी माझं सँडविच परत गुंडाळून ठेवलं. मी त्याला विचारलं की तंबाखू सोडावीशी वाटत नाही का. तो म्हणाला, "नाही खात." पुन्हा बाटलीत थुंकला. खोटं बोलावं तर इतकं उघड.

घरी येऊन नडीनला सांगितलं. तिने विचारलं, त्याला काही झालंय का? मी म्हटलं, संस्कार झालेले नाहीत, एवढंच.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज रॉय्सकडे तक्रार दिली. तोंडी नाही, लेखी. गाडी सगळ्यांची असते, थुंकीच्या बाटल्या ठेवायची ती जागा नव्हे. रॉय्स इथे नवा आहे, पण नियमाचा पक्का. केबिनच्या स्वच्छतेचा नियम आहे, तो लावावाच लागेल, म्हणाला. चेहरा जरा पडला होता त्याचा. मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी या यार्डात स्वच्छतेच्या बाजूने आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

होलिस दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दूधवाला म्हणूनही हाक मारली नाही. बरं झालं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाटली गेली. कपाची जागा पुसलेली, केबिनला ब्लीचचा वास. मनात आणलं तर माणूस कोणतीही सवय सोडू शकतो, फक्त कुणीतरी ठाम राहावं लागतं.

त्याच्या मांडीवर आता रुमाल असतो. दुपारपर्यंत पिळावा इतका भिजतो. गाडी चालवताना त्याला दोनदा ठसका लागला, इतका की कडेला थांबावं लागलं. डोळे लाल, पाणी येत होतं. मी खिडकी उघडली.

शुक्रवारी यार्डाची रंगीत तालीम, सोमवारी परीक्षा. तक्रार मीच केली हे त्याला कळलंय का, ठाऊक नाही. शिकवतो मात्र तसंच. आज पुन्हा बाही धरून ओढलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी तालीम सुरू होती. तीन ट्रेलरांची गाडी पूर्ण सोडवायची, पुन्हा जोडायची. शेवटचा ट्रेलर सोडवत होतो. त्याचे लोखंडी पाय जमिनीला टेकवले, हवेच्या नळ्या काढल्या. तेवढ्यात रॉय्सने डेल्मरला आत बोलावलं. माझ्या तक्रारीच्या कागदावर सही करायला. डेल्मरने हातोडी माझ्या हातात दिली आणि बोटाने खूण केली, थांब.

मी थांबलो नाही. वेळेत सगळं उरकून दाखवावं असं वाटलं. पुढची पायरी ती ग्रीसची मूठ. आदल्या रात्री पाऊस पडून मूठ चिखलानेही माखली होती. मनात आलं, आधी स्वच्छ कामं उरकू, घाण सगळ्यात शेवटी. म्हणून आधी दांड्याच्या साखळ्या काढल्या. मग दांड्यासमोर उभा राहून, वाकून, हुकाचं कुलूप सोडलं. डॉली अजून ट्रेलरखाली होती. परीक्षेत मी हेच उत्तर बरोबर दिलं होतं, नडीनसमोर हसलोही होतो.

कुणी ओरडलं नाही. मागून कॉलर धरली गेली आणि मी पाठीवर आपटलो, डेल्मरच्या अंगावर. माझ्या नाकासमोरून काहीतरी गेलं. आवाज असा झाला की सगळं यार्ड बाहेर आलं. दांडा आभाळाकडे तोंड करून उभा होता. जिथे माझा चेहरा होता, तिथे.

माझ्या मानेवर ओलं लागलं. त्याची लाळ. इतकं होऊनही माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की मान धुवायला हवी. लिहितोय, कारण ते खरं आहे.

मग मी त्याच्यावरच खेकसलो, "ओरडला का नाहीस?"

तो धापा टाकत उठून बसला. शब्द एकेक करून काढत म्हणाला, "मी ओरडलो की नुसती गुरगुर होते. तू वळून बघत बसला असतास."

त्याने माझा हात धरला. ग्रीसचा हातमोजा काढून फेकला आणि माझी बोटं त्याच्या दाढीत घातली. डाव्या बाजूला. ओलं, गरम. आणि आत जबडा नव्हताच. एक खळगा, त्यात एक कडक पट्टी, आणि पट्टीला स्क्रूंची डोकी. मला हात काढून घ्यायचा होता. त्याने धरून ठेवला.

"मीपण आधी हुकच काढला होता," तो म्हणाला. "तेव्हापासून ओठ मिटत नाही. गिळताही येत नाही नीट."

आजूबाजूला सगळे उभे होते. होलिस माझ्याकडे बघत होता. सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून सगळ्यांना. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

नंतर डेल्मरने दांडा कसा खाली आणायचा ते शिकवलं. तेही हातोडीच्या ठोक्यांनी. मी बैलासारखा ऐकत होतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नडीनला सांगितलं. तिने पाहुण्यासाठी करतात तसं बटाट्याचं कालवण केलं, मग ते मिक्सरमधून काढलं आणि गाळलं. मी विचारलं, हे कुणासाठी. तिने डबा भरून माझ्यासमोर ठेवला आणि झोपायला गेली.

मला माझीच शिसारी आली आहे. बाकी कुठल्याही घाणीवर साबण आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आधी रॉय्सकडे गेलो. तक्रार मागे घेतो म्हटलं. तो म्हणाला, सही झाली, ताकीद लागली, ती आता निघत नाही. त्याला विचारलं, डेल्मरने सांगितलं नाही का, की हे दुखणं आहे? रॉय्स म्हणाला, सांगितलं ना. पण तसं नोंदवायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि दाखला आला की गाडी चालवायला तो लायक आहे का याची पुन्हा तपासणी. डेल्मरला ती नको आहे. त्यापेक्षा बाटली नको, म्हणाला. नियमात बाटली आणि उघडा कप, दोन्हींना मनाई आहे.

नडीनचा डबा दिला. डेल्मरने झाकण उघडून वास घेतला. "मिरी कमी आहे," म्हणाला, आणि सगळं संपवलं.

मग परीक्षा. आधी डॉली, मग हुक. मुठीसाठी हात आत घातला, एकच हातमोजा. चिखल, ग्रीस, आणखी काय काय. एकदाही बाही ओढावी लागली नाही त्याला. त्याने सही केली. मी आभार मानले तर त्याने पत्र्यावर दोन ठोके मारले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बोली. सगळे ऑफिसात, भिंतीवर तक्ता. जुन्यापासून सुरुवात. डेल्मरने रात्रीची युटा फेरी घेतली, त्याची नेहमीची. त्याच घोड्यावर दिवसाच्या फेरीची जागा रिकामी राहिली, आणि पुढच्या प्रत्येकाने तिच्यावरून बोट पुढे सरकवलं. लोक लांबपल्ला घेतील पण ती जागा नाही. मला आठवलं, ही जागा कायम नव्या माणसालाच मिळते असं होलिस पहिल्या आठवड्यात म्हणाला होता. मला वाटलं होतं, फेरी कठीण असेल.

मी शेवटचा. होलिसचा घोडा केव्हाच गेला होता. उरल्या दोन: लांबपल्ला, आणि डेल्मरबरोबरची.

मी नाव लिहिलं. होलिस मागून म्हणाला, "दूधवाल्या, फिनेलचं पिंप घेऊन ठेव." हसले सगळे. डेल्मर हसला नाही, त्याने रुमाल तोंडावर दाबला. तो हसतो तेव्हा सांडतं, हे मला आता कळलंय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पहिली फेरी झाली. संध्याकाळी गाडी डेल्मरच्या ताब्यात दिली. उतरताना माझी स्टीलची बरणी कपाच्या जागी तशीच ठेवली. तो म्हणाला, तुझं भांडं राहिलं. मी म्हटलं, बाटलीला मनाई आहे, कपाला मनाई आहे. बरणीचं नाव नियमात नाही. झाकण फिरकीचं आहे, गाडी उलटली तरी थेंब सांडत नाही.

त्याने ती हातात घेतली, झाकण दोन-तीनदा फिरवून पाहिलं. म्हणाला, "तू हिच्यातून पाणी पितोस."

"प्यायचो," मी म्हटलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गाडी घ्यायला गेलो. डेल्मर खाली उतरला तो बरणी हातात घेऊन, घरी नेऊन धुतो म्हणाला. रात्रभर चालवूनही डोळे ठसक्याने लाल नव्हते, रुमाल कोरडा होता. मी म्हटलं, ठेव तिथेच. जन्मभर भांडीच धुतली आहेत मी.

म्हटलं खरं. पण नंतर ती शेजारी घेऊन चालवणं वेगळं. जड होती. अख्खा रस्ता मी तिच्याकडे पाहिलं नाही, मागचे तीन ट्रेलर परवडले. दुपारी हद्दीवर अदलाबदल झाली. पाण्याचा नळ एकच, ट्रकथांब्याच्या संडासात. ज्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून ही सगळी परीक्षा दिली, त्यातच शिरलो. खाली जमीन ओली होती, कशाने ते पाहिलं नाही.

दुधाचं भांडं आधी गार पाण्याने धुतात. आधीच गरम मारलं तर चिकटून बसतं. लाळेचंही तसंच असणार असं धरून चाललो. गार पाणी, मग गरम, मग साबण. झाकणाच्या आट्यांत बोट फिरवलं. दोनदा उमासा आला, बेसिनला धरून उभा राहिलो. शेजारी हात धुणाऱ्याने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरा आहे, सवय व्हायची आहे.

सवय होईल असं वाटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

कोरडी पुसली, झाकण लावून जागेवर ठेवली. संध्याकाळी त्याला लागेल.